तुकड्यांचा पत्ता

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाच्या मागच्या अंगाला, मनरो आणि कोलंबस हे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर एक भली मोठी कमान उभी आहे. कमानीच्या अलीकडे गवत, पलीकडेही गवत. तिच्यातून आत शिरावं अशी इमारतच तिथे नाही. जवळ गेलं की दिसतं, कमानीचा सगळा पृष्ठभाग भाजलेल्या मातीच्या नक्षीदार ठोकळ्यांचा आहे. पानं एकमेकांत गुंतलेली, वेली वळून पुन्हा स्वतःत शिरलेल्या, मधेच एखादं वर्तुळ. ही शिकागो स्टॉक एक्स्चेंजची प्रवेशकमान. 1894 ते 1972 अशी अठ्ठ्याहत्तर वर्षं ती शहराच्या ऐन मध्यात, लासाल रस्त्यावर, तेरा मजली इमारतीचा दरवाजा म्हणून उभी होती. इमारत पाडली तेव्हा कमान वाचवून पुढे इथे आणली.

जुन्या शहरांच्या मध्यभागी इमारती पाडल्या जातात आणि त्यांतले नक्षीचे तुकडे वाचवले जातात, ही गोष्ट आज जगभर चालते. पण तुकडा वाचवणं म्हणजे नेमकं काय वाचवणं, हा प्रश्न शिकागोइतका नीट कुठेच मांडला गेला नाही. तिथे एका माणसाने त्या प्रश्नाला आयुष्य दिलं आणि शेवटी जीवही.

आधी ही नक्षी आली कुठून ते पाहू. ऑक्टोबर 1871 च्या आगीत शिकागोचा मध्यभाग जळाला. पुढच्या वीसेक वर्षांत शहर नव्याने उभं राहिलं, तेही उंच. लोखंडी आणि पुढे पोलादी सांगाडा, माणसांची वाहतूक करायला लिफ्ट आणि आगीपासून बचावासाठी सांगाड्याभोवती भाजलेल्या मातीचं कवच, अशी ती बांधणी. उघडं लोखंड आगीत वाकतं, म्हणून ते मातीत गुंडाळायचं. हे कवच साधं, सपाट ठेवता आलं असतं. लुई सलिव्हन या वास्तुरचनाकाराने तसं ठेवलं नाही. इमारतीचा आकार तिच्या उपयोगातून यावा हे त्याचं तत्त्व जगभर गाजलं, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याचा अर्थ ‘नक्षी नको’ असा लावून घेतला. सलिव्हन स्वतः मात्र नक्षीवर जीव टाकणारा होता. त्याच्या लेखी इमारत बीजातून झाड यावं तशी वाढायची, आणि झाडाला पानं येतात तशी तिला नक्षी यायची. त्याचा भागीदार डँकमार ॲडलर हा अभियंता. पाया, भार आणि सभागृहातला आवाज हे त्याचे विषय. ही जोडी फुटली 1895 साली. सलिव्हनला पुढे कामं मिळेनाशी झाली, आणि 14 एप्रिल 1924 रोजी तो शिकागोतल्या एका हॉटेलच्या खोलीत कफल्लक अवस्थेत वारला.

भाजलेल्या मातीचा, म्हणजे टेराकोटाचा, असा ठोकळा घडतो कसा, हे कळल्याशिवाय तो वाचवण्याचं मोल कळत नाही. सलिव्हन पेन्सिलीने नक्षी काढायचा. ती घेऊन क्रिस्टियन श्नायडर नावाचा नॉर्वेत जन्मलेला कारागीर ओल्या मातीत तिचा उठाव घडवायचा. कागदावरच्या रेषेला खोली किती द्यायची, पानाची कड कुठे उचलायची, सावली कुठे पाडायची, हे सगळं त्याच्या बोटांत होतं. त्या उठावावरून प्लास्टरचा साचा निघायचा. साच्यात कामगार हाताने माती दाबून बसवत. ठोकळा भरीव नसे. आत पडदे ठेवून तो पोकळ केला जाई, म्हणजे भाजताना तडकत नाही आणि वजनालाही हलका होतो. सुकताना आणि भट्टीत माती आक्रसते, फुटामागे सुमारे इंचभर. तेवढा हिशेब धरून मूळ नमुना मोठा करावा लागे. भट्टीतून निघालेले ठोकळे इमारतीवर चढवून लोखंडी आकड्यांनी मागच्या सांगाड्याला अडकवत आणि पोकळीत विटा-चुना भरत. म्हणजे इमारतीवर दिसणाऱ्या एका पानामागे काढणारा, घडवणारा, साचा करणारा, दाबणारा, भाजणारा आणि बसवणारा अशी निदान सहा माणसं उभी आहेत. त्यांतल्या एकाचंच नाव आपल्याला पाठ असतं.

मग अशा इमारती पाडल्या का? कारण साधं आहे. शहराच्या मध्यावर जागेची किंमत चढत जाते आणि इमारतीची उतरत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली मध्यमवर्गीय कुटुंबं मोटारगाड्या घेऊन उपनगरांत गेली. मध्यभागातली नाट्यगृहं ओस पडली, जुन्या कार्यालयांना भाडेकरू मिळेनात. मालकाला इमारतीवर कर भरावा लागे, दुरुस्ती करावी लागे. ती पाडून तिथे वाहनतळ केला तर पैसा लगेच हाती. आपल्याकडे एफएसआयच्या गणिताने वाडे आणि चाळी जातात. तिथे मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून रंगमंच गेले.

रिचर्ड निकेल हा 1928 साली शिकागोत जन्मलेला, पोलिश वंशाच्या कुटुंबातला मुलगा. पन्नासच्या दशकात तो छायाचित्रण शिकत होता. ॲरन सिस्किंड या नामवंत छायाचित्रकाराच्या वर्गात ॲडलर आणि सलिव्हन यांच्या इमारती टिपायचं काम निघालं. वर्गाचं काम संपलं, निकेलचं संपलं नाही. कोणाच्या यादीत नसलेल्या इमारती तो शोधून काढू लागला. आणि त्याच्या ध्यानात आलं की आज टिपलेली इमारत काही महिन्यांनी जागेवर नसते. छायाचित्र हातात आहे, त्यातलं घर गेलेलं आहे. मग तो पाडकामाच्या जागी जाऊन ठेकेदाराला विनवू लागला, दोन पैसे देऊ लागला, ठोकळे उचलून आईवडिलांच्या घरी आणून रचू लागला.

1960 साली गॅरिक नाट्यगृहाची पाळी आली. हे ॲडलर-सलिव्हनचं 1892 चं काम. सतरा मजली इमारत, पोटात नाट्यगृह, मुळात शिकागोतल्या जर्मन लोकांच्या नाटकांसाठी बांधलेलं. रंगमंचासमोर एकाबाहेर एक विस्तारत जाणाऱ्या कमानी, सगळ्या सोनेरी-हिरव्या नक्षीने भरलेल्या. निकेल आणि त्याचे सोबती हातात फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. एका जुन्या इमारतीसाठी लोकांनी रस्त्यावर यावं हे त्या काळी नवं होतं. शहराने पाडकामाचा परवाना रोखूनही पाहिला. प्रकरण न्यायालयात गेलं. तोट्यातली इमारत केवळ सुंदर आहे म्हणून मालकाने सांभाळलीच पाहिजे, अशी सक्ती त्या वेळचा कायदा करू शकत नव्हता. 1961 साली गॅरिक पाडलं गेलं. त्या जागी वाहनतळ झाला.

लढा हरल्यावर निकेल, तरुण वास्तुरचनाकार जॉन विन्सी आणि डेव्हिड नॉरिस हे तिघं त्याच इमारतीत हत्यारं घेऊन शिरले. ऐन थंडीतली गोष्ट. पाडकाम वरून खाली येत होतं आणि त्याच्या पुढे राहून यांना काम करायचं होतं. टेराकोटा सोडवायचा तर सांध्यातला चुना छिन्नीने खरवडायचा, मागचा गंजलेला आकडा कापायचा आणि शेकडो किलोंचा ठोकळा दोरखंड-कप्पीने उतरवायचा. एका बाजूने जोर जास्त लागला की सगळी मेहनत फुकट, कारण भाजलेली माती वाकत नाही, फुटते. आतली प्लास्टरची नक्षी तर त्याहून नाजूक. ती लाकडी पट्ट्यांसकट करवतीने कापून काढावी लागे. पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराचं गणित वेगळं. त्याला मुदत पाळायची असते. इमारतीतलं लोखंड, तांबं, लाकूड विकून त्याचा फायदा निघतो. नक्षीचा मातीचा ठोकळा त्याच्या लेखी राडारोडा, ट्रकमध्ये जागा अडवणारा. म्हणून हे काम नेहमी घाईचं, उसन्या वेळातलं आणि धोक्याचं.

या सगळ्यात निकेलने एक शिस्त पाळली. ठोकळ्याला हात लावण्याआधी त्याचं छायाचित्र. कुठल्या मजल्यावर, कुठल्या बाजूला, वर काय, शेजारी काय. इमारतीची मोजमापं, मूळ आराखडे, जुनी कागदपत्रं यांचा शोध तर सतत चालूच. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण इथे आहे. नक्षीचा तुकडा कोणीही उचलू शकतो. त्याचा पत्ता सोबत उचलणारा विरळा.

गॅरिकचे तुकडे संग्रहालयांत आणि विद्यापीठांत वाटले गेले. काही टेराकोटाच्या कमानी शिकागोतल्याच ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेच्या दर्शनी भिंतीत बसल्या. आजही रस्त्यावरून जाताना दिसतात. निकेलने घरी साठवलेला सलिव्हनच्या नक्षीचा मोठा संग्रह साठच्या दशकात सदर्न इलिनॉय विद्यापीठाने आपल्या एडवर्ड्सव्हिलच्या आवारासाठी विकत घेतला. पण त्या नाट्यगृहात कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत कशी पोचे, त्या कमानींनी आवाज कसा पुढे ढकलला, ते कुठल्याही ट्रकमध्ये भरता आलं नाही. ॲडलरचं काम असं होतं की ते तुकड्यांत मावत नाही.

स्टॉक एक्स्चेंजच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. इमारतीच्या पश्चिमेला ‘हेरल्ड’ या वृत्तपत्राचा छापखाना होता. पायासाठी लाकडी खुंट ठोकले असते तर हादऱ्याने यंत्रं बिघडली असती. तेव्हा विल्यम सूय स्मिथ या अभियंत्याच्या सल्ल्याने त्या बाजूला हाताने विहिरी खणल्या, खालच्या कठीण थरापर्यंत गेले आणि त्या काँक्रीटने भरल्या. शिकागोच्या चिकणमातीत असा केसन पाया घालण्याची ही पहिली वेळ. पुढे त्या शहराच्या गगनचुंबी इमारती याच युक्तीवर उभ्या राहिल्या. संग्रहालयात कमान आहे, पाया नाही.

ही इमारत वाचावी म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीपासून धडपड सुरू होती. शहराच्या वारसा आयोगाने तिला संरक्षण द्यावं असं म्हटलं. नगर परिषदेने मालकाला द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या धास्तीने ते नाकारलं. 1971 च्या शरदात पाडकाम सुरू झालं. आत दोन मजले उंचीचं सौदे करण्याचं दालन होतं. एक्स्चेंज 1908 मध्येच दुसरीकडे गेलं होतं आणि नंतरच्या वापरात दालनाचं मूळ रूप झाकलं गेलं होतं. निकेल आणि विन्सी यांनी ते उघडं केलं. छतावर, भिंतींवर, तुळयांवर सलिव्हनने स्टेन्सिलने रंगवून घेतलेली नक्षी होती, आणि काही नक्षींत तर पन्नासहून अधिक रंगछटा. हिरव्याचे, तांबूस-पिवळ्याचे, सोनेरीचे इतके थर की लांबून भिंत रंगवलेली न वाटता विणलेली वाटावी. आर्ट इन्स्टिट्यूटच्या सांगण्यावरून दोघांनी खांबांचे माथे, स्टेन्सिलचे कापडी तुकडे, रंगीत काचा सोडवून काढल्या.

दालनाचं काम संपलं. तरी निकेल जातच राहिला. 13 एप्रिल 1972 रोजी तो एकटाच त्या अर्ध्या पाडलेल्या इमारतीत शिरला आणि परत आला नाही. मजला कोसळला होता. मृतदेह सापडला 9 मे रोजी, ढिगाऱ्याखाली. तो 43 वर्षांचा होता आणि त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न व्हायचं होतं. ग्रेसलँड दफनभूमीत, जिथे सलिव्हन आहे, तिथेच त्याला मूठमाती दिली.

ते दालन 1977 साली आर्ट इन्स्टिट्यूटच्या नव्या भागात विन्सीच्या देखरेखीखाली पुन्हा उभं राहिलं. आर्ट इन्स्टिट्यूटची मूळ इमारत मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असते: 1893 च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद तिथेच भरली आणि विवेकानंद तिथेच बोलले. परिषद ज्या विश्वप्रदर्शनाचा भाग होती, त्यात वाहतूक-दालनाची सोनेरी कमान सलिव्हनची होती. प्रदर्शन संपलं आणि तीही गेली. आज त्या वास्तूत एकीकडे विवेकानंद बोलले ती जागा आणि दुसरीकडे सलिव्हनचं दालन अशी शेजारसोबत आहे. दालन पाहायला जाणाऱ्याने एक लक्षात ठेवावं, त्यातला बराचसा रंग नव्याने भरलेला आहे. तो बिनचूक भरता आला, कारण मूळ तुकडे आणि त्यांच्या जागांची नोंद, दोन्ही हाताशी होतं. त्याच इमारतीचे जिने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. ओतीव लोखंडावर तांब्याचा मुलामा असलेले.

न्यूयॉर्कमध्ये उलटं घडलं. 1910 चं पेनसिल्व्हेनिया स्टेशन 1963 पासून पाडायला घेतलं. त्याचे दगडी खांब आणि पुतळे न्यूजर्सीच्या दलदलीत भराव म्हणून टाकले गेले. इमारतीवरच्या 22 दगडी गरुडांपैकी काही वाचले, ते गावोगाव विखुरले. गरुड वाचला की लोकांना हायसं वाटतं. मला ते हायसं वाटणं घातक वाटतं. एखादा तुकडा बागेत मांडला की पाडकामाचं टोचणं बोथट होतं. तुकड्याची किंमत कळायला लागली की बाजारही उभा राहतो, आणि मग उभ्या इमारतींवरूनच नक्षी चोरीला जाऊ लागते. निकेलला हे दिसत होतं. त्याने आधी लढा दिला, तो हरल्यावरच छिन्नी हातात घेतली. हा क्रम मोडता कामा नये.

शिकागोच्या या पराभवातून कायद्याची एक कल्पना मात्र पुढे सरकली. जॉन कॉस्टोनिस या कायद्याच्या प्राध्यापकाने 1974 च्या पुस्तकात ‘शिकागो योजना’ मांडली: वारसा इमारतीच्या मालकाला जे मजले चढवता येत नाहीत, तो हक्क त्याला दुसऱ्या भूखंडासाठी विकू द्या, म्हणजे इमारत राखण्याचा तोटा भरून निघेल. मुंबईकराला हे चांगलंच परिचयाचं आहे. आपल्याकडे यालाच टीडीआर म्हणतात. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तो आला आणि 1995 च्या वारसा नियमावलीने वारसा इमारतींनाही लागू झाला. तो कितपत नीट वापरला गेला हा स्वतंत्र लेखाचा विषय.

पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. गॅरिक पडलं त्याच 1961 च्या जुलैत पानशेतचा पूर आला आणि नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात बसले. उरलेले त्यानंतर एकेक करून गेले. पुराने नाही, करारांनी. वाड्याभोवती पत्रे लागतात. कौलं उतरतात. मग कडीपाट सुटतो, तुळया निघतात, आणि एका सकाळी टेम्पोत सुरूच्या घाटाचे खांब आडवे घातलेले दिसतात, माथ्याची केळफुलं बाहेर डोकावणारी. सागवान शंभर-दीडशे वर्षांनीही ठणठणीत असतं, म्हणून त्याला भाव आहे. जुन्या लाकडाच्या वखारीत खांब भिंतीला टेकवून उभे करतात. गणेशपट्टी एकीकडे, तिची चौकट दुसरीकडे, दिंडी दरवाजा आणखी तिसऱ्या गिऱ्हाइकाकडे. खांब विकत घेणाऱ्याला विचारावं, कुठल्या वाड्याचा, तर उत्तर येतं, ‘असेल पेठेतला कुठला तरी.’ सदाशिवातला की कसब्यातला, पहिल्या चौकातला की माजघरातला, शेजारच्या खांबापासून किती अंतरावर, कुणी बांधला, कुठल्या साली, सगळं गळून पडलेलं. रिसॉर्टच्या जेवणघरात तो शोभून दिसतो. सांगत मात्र काही नाही.

याला सन्माननीय अपवाद दिनकर केळकरांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा माणूस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्यं आणि कोरीव दरवाजे जमवत होता. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी केलेलं राजा केळकर संग्रहालय बाजीराव रस्त्याला आहे. कोथरूडला मस्तानीचा महाल होता. तो मोडकळीला आला तेव्हा त्याचे खांब, कमानी, छत असे अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात त्यांचं दालन उभं केलं. त्या दालनाला ‘मस्तानी महाल’ हे नाव आहे म्हणून आत शिरताना पावलं सावकाश पडतात. तेच खांब नावाशिवाय एखाद्या दुकानात असते तर आपण फक्त लाकूड पाहिलं असतं.

2006 साल सलिव्हनच्या जन्माचं दीडशेवं वर्ष. त्याच एका वर्षात शिकागोत ॲडलर-सलिव्हनच्या तीन इमारती आगीत गेल्या. जानेवारीत पिलग्रिम बाप्टिस्ट चर्च जळालं, जिथे गॉस्पेल संगीत वाढलं. दगडी भिंती उरल्या, आतला नक्षीदार छताचा सगळा पसारा राख झाला. आतल्या नक्षीचं वाचवण्यासारखं फारसं काही उरलं नाही. आतलं काम कसं होतं हे आज जे कळतं ते छायाचित्रांतून.

निकेलचं पुस्तक अपुरं राहिलं होतं. मित्रांनी ते पुरं करत आणलं आणि 2010 मध्ये, त्याच्या मृत्यूला 38 वर्षं झाल्यावर, ॲडलर आणि सलिव्हन यांच्या समग्र वास्तुकामाचा तो ग्रंथ छापून आला. निकेलची छायाचित्रं आणि कागदपत्रं आर्ट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात गेली. आता कोणालाही एखादा ठोकळा सापडला तर तो कुठल्या इमारतीचा, हे तिथे ताडून पाहता येतं.

पेठेतला एखादा वाडा ज्यांना उतरवावाच लागतो आहे, त्यांनी एवढं तरी जरूर करावं. चारी भिंतींची, चौकाची, जिन्याची, देवघराची छायाचित्रं घ्यावीत, उजेड चांगला असताना. टेपने खणांची मापं घ्यावीत आणि वहीच्या पानावर नकाशा काढावा, कच्चा चालेल. प्रत्येक खांबावर, तुळईवर खडूने आकडा घालावा आणि तोच आकडा नकाशात त्या जागी लिहावा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून कुठली खोली कशाला होती, पाणी कुठून यायचं, बाळंतिणीची खोली कोणती, हे विचारून लिहून घ्यावं. खांब विकला तर वहीच्या त्या पानाची प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी, पेठेचं नाव आणि घरक्रमांकासकट.